सगळ्यांना ठाऊक, फक्त गाणारीला नाही: फ्रान्स गॅलचे प्रकरण

१९६६ साली पॅरिसमध्ये फिलिप्स कंपनीने एक गाणे बाजारात आणले, ‘ले स्यूसेत’. आनी नावाची मुलगी असते. तिला आनिसच्या, म्हणजे साधारण बडीशेपेसारखा वास असलेल्या लॉलीपॉपचे भारी वेड. हातात थोडी नाणी घेऊन ती दुकानात जाते, लॉलीपॉप घेते आणि तो चघळताना तिला स्वर्ग दोन बोटे उरतो. गोष्ट एवढीच. चाल उड्या मारणारी, आवाज काचेसारखा स्वच्छ. गाणारी फ्रान्स गॅल तेव्हा १८ वर्षांची, लिहिणारा आणि चाल देणारा सर्ज गेन्सबूर ३८ वर्षांचा. गाणे चालले. आणि ते ऐकणारी मोठी माणसे एकमेकांकडे बघून हसू लागली, कारण त्या बालगीताच्या पोटात दुसरा, निव्वळ शारीर अर्थ होता आणि तो फारसा लपवलेलाही नव्हता.

गॅलला तो अर्थ ठाऊक नव्हता, असे ती पुढे आयुष्यभर सांगत राहिली. कळले तेव्हा ती घरात बसून राहिली, लोकांना भेटेना. आजूबाजूच्या मोठ्या माणसांनी आपला विश्वासघात केला, हा तिचा शब्द.

हे प्रकरण बहुतेक वेळा एक मजेदार किस्सा म्हणून सांगितले जाते: खट्याळ कवी, भोळी पोरगी, साठचे दशक. मला ते गाण्याच्या धंद्यातले एक नमुनेदार प्रकरण वाटते. शब्द एकाचे, पैसा दुसऱ्याचा, आवाज आणि चेहरा तिसरीचा. आणि त्या तिसरीलाच काय चालले आहे ते सांगायची गरज कुणाला वाटली नाही. असे कसे झाले आणि त्यानंतर तिने काय केले, हे नीट पाहण्यासारखे आहे.

नाव दुसऱ्यांचे, गाणी दुसऱ्यांची

तिचे खरे नाव इझाबेल. जन्म ९ ऑक्टोबर १९४७, पॅरिस. घरात गाणे पाण्यासारखे वाहत होते. वडील रोबेर गॅल गीतकार. गायक शार्ल आझ्नावूरचे ‘ला माम्मा’ त्यांनीच लिहिलेले, गायिका एदित पियाफसाठीही त्यांनी शब्द दिले होते. आईचे वडील पोल बेर्तिए हे फ्रान्समधल्या एका नामांकित बालगायकवृंदाच्या संस्थापकांपैकी. अशा घरात मुलगी गायला लागली यात नवल नव्हते.

१९६३ मध्ये वडिलांनी तिच्या गाण्यांचे नमुने दनी बुर्झ्वा नावाच्या संगीत-प्रकाशकाकडे नेले. जुलैमध्ये शांझेलिझे थिएटरात तिची आवाज-चाचणी झाली आणि लगेच करार. पहिली अडचण नावाची निघाली. इझाबेल ओब्रे नावाची गायिका आधीच प्रसिद्ध होती, १९६२ ची युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची गीतस्पर्धा, तिने जिंकलेली. दोन इझाबेल बाजारात चालणार नाहीत. त्या सुमारास फ्रान्स आणि वेल्सचा रग्बी सामना गाजत होता. वेल्सला फ्रेंचमध्ये ‘गाल’ म्हणतात. फ्रान्स विरुद्ध गाल, झाले, पोरीचे नाव ठरले. पहिले गाणे रेडिओवर वाजले ते तिच्या १६ व्या वाढदिवशी.

तिच्याच बाबतीत हे सगळे असे घडले, असे नाही. तेव्हाची सगळी बाजारपेठच अशी चालत होती. ‘सालू ले कोपँ’ हा युरोप १ या रेडिओवरचा कार्यक्रम १९५९ पासून पोरासोरांना वेड लावत होता. जून १९६३ मध्ये त्याच नावाच्या मासिकाच्या वाढदिवसाला पॅरिसच्या नासिओँ चौकात इतकी तरुण गर्दी लोटली की समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांनी ‘ल माँद’ या दैनिकात त्यावर लेख लिहिले आणि या संगीताला ‘येये’ हे नाव चिकटले, इंग्रजी गाण्यांतल्या ‘येऽ येऽ’ वरून. तेव्हा रेकॉर्ड निघायची ती चार गाण्यांची छोटी तबकडी. दर थोड्या महिन्यांनी नवी तबकडी हवी, म्हणजे चार नवी गाणी हवीत. अर्धी गाणी अमेरिकन गाण्यांची भाषांतरे. गाणारी पोरे-पोरी शाळकरी वयाची आणि त्यांच्या तोंडी शब्द घालणारी माणसे पस्तिशी-चाळिशीची. येये म्हणजे तरुणांचे संगीत, असे आपण म्हणतो. विकत घेणारे आणि गाणारे तरुण होते एवढेच त्यात खरे. लिहिणारे, वाजवणारे, छापणारे आणि कमावणारे त्यांच्या काकांच्या वयाचे होते.

गॅलच्या घरातही तेच. १९६४ मध्ये वडिलांनी तिच्यासाठी ‘साक्रे शार्लमान्य’ लिहिले. शार्लमेन राजाने शाळा काढली म्हणून त्याच्या नावाने बोटे मोडणारे मुलांचे गाणे. तिला ते फारसे आवडले नव्हते. पण त्याच्या वीस लाखांच्या घरात प्रती खपल्या. आता नाही कोण म्हणणार?

नेपल्सची बाहुली

बुर्झ्वाच्या पदरी आणखी एक माणूस होता, सर्ज गेन्सबूर. जाझमधून आलेला, शब्दांवर जबरदस्त हुकमत असलेला, समीक्षकांचा लाडका. पण स्वतःच्या रेकॉर्डी खपत नव्हत्या. त्याने या पोरीसाठी लिहावे ही बुर्झ्वाची कल्पना, आणि व्यापार म्हणून ती अफलातून होती. ‘नेकूत पा लेझ इदोल’, मग ‘लेस तोंबे ले फीय’. दुसरे गाणे आजही ऐकावे. मुलींच्या मागे लागणाऱ्या मुलाला ती बजावते की एक दिवस तुझ्यावरच रडायची पाळी येईल. आलाँ गोरागेरच्या वाद्यमेळातले ते पितळी वाद्यांचे फटके आणि त्यावर सतरा वर्षांच्या आतल्या पोरीचा थंड, धमकीवजा आवाज. यात गॅल कुणाची बाहुली वाटत नाही. गेन्सबूरने तिला फक्त वापरून घेतले असे म्हणणाऱ्यांनी हे गाणे एकदा लावावे.

२० मार्च १९६५ ला नेपल्समध्ये युरोव्हिजन झाली. १८ देश. गॅल लक्झेंबर्गच्या वतीने उतरली. खुद्द फ्रान्सतर्फे गी मार्देल गात होता. समोर आलेल्या गाण्यांतून गेन्सबूरचे ‘पूपे द सीर, पूपे द सों’ तिनेच निवडले होते. घोड्याच्या टापांसारखी ताल धरून पळणारी चाल, त्या काळच्या संथ, रडव्या युरोव्हिजनमध्ये कुणी ऐकली नव्हती अशी. ३२ गुण मिळाले आणि ती पहिली आली. आपण कुठे आहोत हे जिला जेमतेम उमगले होते अशी १७ वर्षांची मुलगी त्या रात्री सगळ्या युरोपच्या पडद्यावर होती.

पण गाणे काय सांगत होते? मी मेणाची बाहुली, भुसा भरलेली बाहुली. माझी रेकॉर्ड म्हणजे आरसा, त्यात मी सगळ्यांना दिसते. प्रेमाची गाणी गाते, पण मुलांविषयी मला ठाऊक काहीच नाही. मग या गाण्याचा उपयोग काय? म्हणजे जिच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द आहेत आणि त्या शब्दांचा अर्थ जिला अजून कळायचा आहे, अशा गायिकेची ही कैफियत होती. ती लिहिली कुणी, तर शब्द घालणाऱ्यानेच. गायली कुणी, तर बाहुलीने. आणि टाळ्या पडल्या. गेन्सबूरला त्या पोरीची अवस्था कळत नव्हती असे म्हणायला जागाच उरत नाही. इतरांपेक्षा त्याला ती जास्त स्पष्ट दिसत होती. पुढच्या वर्षीच्या प्रकरणाची चाहूल हवी असेल तर ती याच गाण्यात आहे.

त्या रात्रीचा एक किस्सा नेहमी सांगितला जातो. गॅलचे तेव्हा क्लोद फ्रान्स्वा या लोकप्रिय गायकाशी प्रेमप्रकरण चालू होते. जिंकल्यावर तिने त्याला फोन केला, तर त्याने कौतुक बाजूलाच ठेवून बेसूर गायलीस म्हणून झापले. दोघे पुढे वेगळे झाले. १९६७ मध्ये फ्रान्स्वाने थकलेल्या संसाराचे एक गाणे केले, ‘कॉम दाबित्यूद’. त्याची प्रेरणा हीच ताटातूट, असे मानले जाते. पॉल अँकाने त्याच चालीवर इंग्रजी शब्द लिहिले आणि फ्रँक सिनात्राने ते ‘माय वे’ म्हणून जगभर नेले. म्हणजे गॅलच्या दुःखातून निघालेले गाणेही दुसऱ्यांच्याच नावावर. तिचे आयुष्य म्हणजे इतरांच्या गाण्यांचा कच्चा माल, हे वयाच्या विशीतच ठरून गेले होते की काय, असे वाटते.

आनिसचे लॉलीपॉप

आता मूळ प्रसंग. गॅलने पुढे सांगितले त्याप्रमाणे, गेन्सबूरने तिला सुट्टीत काय केलेस असे विचारले होते. ती आईवडिलांबरोबर अटलांटिकच्या किनाऱ्याला लागून असलेल्या न्वारमूतिए बेटावर जायची. ती म्हणाली, तिथे करण्यासारखे असते काय? रोज जाऊन एक आनिसचा लॉलीपॉप आणायचा, बास. गेन्सबूरने ते ऐकून घेतले आणि थोड्याच दिवसांत गाणे हजर.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. एरवी म्हणता आले असते की बाजारात पडलेली द्व्यर्थी गाणी असतात, त्यातले एक हिच्या वाट्याला आले. इथे तसे नाही. कच्चा माल तिचाच होता. तिने भाबडेपणाने सांगितलेली सुट्टीतली गोष्ट घेऊन, तिला दुसरा अस्तर लावून, तिच्याच हाती परत दिली गेली. आपली गोष्ट आपल्यासाठी गाणे झाली म्हणून तिला ते आवडलेही असणार. संशय यावा असे त्यात तिच्या बाजूने काहीच नव्हते.

टीव्हीसाठी चित्रीकरण झाले त्यात माणसाच्या उंचीचे लॉलीपॉप तिच्याभोवती नाचवले होते. ती मधोमध उभी राहून हसत हसत गाते आहे. आज ती चित्रफीत बघताना अवघडल्यासारखे होते, कारण आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही, हे चेहऱ्यावर वाचता येते.

खरेच वाचता येते का, असा प्रश्न विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पॅरिसची, करमणुकीच्या धंद्यात तीन वर्षे काढलेली, प्रियकर असलेली अठरा वर्षांची मुलगी. तिला कळले नाही हे पटत नाही म्हणतात. मी तिच्या बाजूने आहे, आणि कारण भावनेचे नाही, गायकीचे आहे. ज्याला दुसरा अर्थ ठाऊक आहे तो गायक त्या शब्दावर किंचित रेंगाळतो, श्वास घेतो, आवाजाला बाक देतो. गॅलच्या ध्वनिमुद्रणात असे एकही ठिकाण नाही. शाळेत कविता म्हणावी तशी ती सरळ, पट्टीत म्हणून मोकळी होते. तुलना करायला साधनही आहे. १९६९ मध्ये अभिनेत्री-गायिका जेन बर्किनबरोबरच्या तबकडीवर गेन्सबूरने हेच गाणे स्वतःच्या आवाजात गायले. शब्द तेच, चाल तीच. पण त्या जाड, धुरकट आवाजात दुसरा अर्थ सरळ वर येऊन बसतो आणि गाण्यातली गंमतच जाते. कारण त्यात लपवायला काही उरत नाही.

इथेच प्रकरणाचा गाभा आहे असे मला वाटते. हे गाणे चालायचे तर गाणारी अजाण असायलाच हवी होती. तिचे न कळणे हा त्या गाण्याचा एक घटक होता, जसा वाद्यमेळ, जशी चाल. तिला सांगायचे राहून गेले, असे झालेले नाही. सांगितले असते तर गाणे बिघडले असते.

तमाशाच्या फडात लावणी म्हणणारीलाही दुहेरी अर्थाचे शब्द गावे लागतात. पण तिथे दुसरा अर्थ तीच पुरवते, डोळ्यांनी, मानेच्या एका झटक्याने. समोरच्या पाटलाला खेळवणारी तीच असते. गॅलच्या बाबतीत खेळ तिच्या डोक्यावरून चालला होता, गीतकार आणि श्रोता या दोघांमध्ये, आणि ती मधले जाळे होती.

कायदा कुणाच्या बाजूने होता

या प्रकरणावर लिहिणारे बहुतेक जण गेन्सबूरच्या नीतीवर घसरतात. मला त्या वेळची कायद्याची चौकट जास्त बोलकी वाटते.

१९६६ मध्ये फ्रान्समध्ये सज्ञान होण्याचे वय २१ होते. ते १८ वर आले १९७४ च्या जुलैत. म्हणजे अठरा वर्षांची गॅल कायद्याने अल्पवयीन, तिचे व्यवहार पालकांच्या हाती. पालक म्हणजे रोबेर गॅल, स्वतः मुरलेला गीतकार. या सगळ्यात मला सर्वांत अवघड जागा त्याचीच वाटते. शब्दाला दोन तोंडे असतात हे ज्याच्या पोटापाण्याचे ज्ञान, त्याच्या घरात हे गाणे आले. पण नेपल्सनंतर गेन्सबूरचे गाणे परत पाठवणे त्या घरात कुणाला परवडणार होते? प्रकाशक बुर्झ्वा तर दोघांचाही माणूस. गेन्सबूरही त्याचा, गॅलही त्याची. दोन्ही बाजूंनी त्याचाच लाभ असताना एका बाजूची काळजी घेणारा वेगळा कुणी उरलाच नव्हता.

दुसरी गोष्ट अधिकारांची. ११ मार्च १९५७ च्या फ्रेंच कायद्याने लेखक-संगीतकाराला आपल्या कृतीवर नैतिक हक्क दिला होता आणि तो भक्कम होता. कृती विकली तरी तो हक्क जात नाही, वारसांकडे जातो, त्याला मुदत नाही. गाण्यातला शब्द कुणी बदलला तर गीतकार कोर्टात जाऊ शकतो. गाणाऱ्याला मात्र १९६६ मध्ये कायद्याने असे काही दिलेले नव्हते. जो काही हिस्सा मिळायचा तो रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या करारातून. गाणे रेडिओवर वाजले की सासेम ही १८५१ पासूनची संस्था गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांना पैसे पोचवायची. गायकाला त्यातले काही नाही. गाणाऱ्यांना आणि वादकांना स्वतःचे हक्क मिळाले ते ३ जुलै १९८५ च्या कायद्याने. त्यात नाव, दर्जा आणि सादरीकरण यांचा मान राखला जावा असा हक्क आला, आणि रेडिओवर वाजणाऱ्या ध्वनिमुद्रणाचा मोबदलाही.

म्हणजे १९६६ चा हिशेब असा. ‘ले स्यूसेत’ रेडिओवर जितक्यांदा वाजले, जितक्यांदा लोक हसले, तितक्यांदा पैसे गेन्सबूरला आणि प्रकाशकाला. हसू मात्र गॅलच्या वाट्याला. आणि १९८५ चा कायदा वीस वर्षे आधी आला असता तरी त्याने तिला वाचवले नसते, हेही खरे. तिच्या आवाजात कुणी फेरफार केलेला नव्हता, नाव गाळलेले नव्हते. जे झाले ते कुठल्याच कलमात बसत नाही.

उतार

गेन्सबूरबरोबरचे काम लगेच तुटले नाही, हे सांगायला हवे. १९६७ मध्ये त्याचे आणखी एक गाणे तिने गायले, एलएसडी हा अमली पदार्थ घेणाऱ्या मुलीचे. त्याच वर्षी मोरीस बिरो या मध्यमवयीन अभिनेत्याबरोबर तिचे युगुलगीत निघाले, त्यात वडिलांचा मित्र वयात येणाऱ्या मुलीकडे बघून चाळवतो. मागच्या वर्षी जे झाले त्यातून तिच्या भोवतीच्या मंडळींनी काय धडा घेतला, ते यावरून दिसते. खप मात्र घसरत गेला. बाहुलीचे वय वाढले होते आणि मोठ्या बाईसाठी काय लिहावे हे कुणाला सुचत नव्हते.

मग जर्मनी. जर्मनमध्ये तिने भरपूर गायले, १९६८ च्या तिथल्या गीतस्पर्धेत संगणकावरच्या एका गाण्याला तिसरा क्रमांक मिळाला, जॉर्जिओ मोरोदेर पुढे डिस्कोचा बादशहा झाला त्याच्या आधी त्याची गाणीही तिने म्हटली. परक्या भाषेत गाण्याची एक सोय असते, शब्दांशी नाते कमी असते. फ्रान्समध्ये तोवर ती जुनी झाली होती. पंचविशीच्या आत.

१९७२ मध्ये तिने पुन्हा गेन्सबूरची दोन नवी गाणी गायली. ज्यांना हे प्रकरण खलनायक आणि बळी असे सरळ हवे असते त्यांना हे वर्ष वगळावे लागते. मला वाटते, बाजार हरलेला माणूस ज्याने एकदा नशीब उघडले त्याच्याच दाराशी जातो. त्यात माफी नसते की विसरही. रेकॉर्ड पडली.

बेर्जे

१९७३ मध्ये रेडिओवर मिशेल बेर्जे या गायक-गीतकाराचे गाणे कानावर पडले आणि तिला ते लागले. ती त्याला भेटली, तिच्या निर्मात्याने पुढे केलेली नवी गाणी त्याला ऐकवली. त्याला ती भिकार वाटली आणि त्याने तसे सांगितले. एवढ्या वर्षांत शब्दांच्या दर्जाबद्दल कुणी तिच्याशी बरोबरीने बोललेले ते पहिलेच असावे. बेर्जे लगेच तयार झाला नाही. १९७४ मध्ये त्याच्या एका रेकॉर्डमध्ये तिने साथ केली आणि मग त्याने तिच्यासाठी ‘ला देक्लारास्यों दामूर’ लिहिले. १९७६ च्या जानेवारीत त्याच्या गाण्यांची पहिली तबकडी, जूनमध्ये लग्न.

या टप्प्यावर तिच्या हातात एक हत्यार आले, नकाराचे. बेर्जेखेरीज दुसऱ्या कुणाचे गाणार नाही. जुने गाणार नाही. जिच्यासाठी युरोप तिला ओळखत होता ती बाहुली तिने कपाटात टाकली ती कायमची. मैफलीत फर्माईश आली तरी नाही. लोकप्रिय गायकाने आपले सर्वांत गाजलेले गाणे न गाणे म्हणजे काय, हे कुठल्याही मैफलीच्या आयोजकाला विचारावे.

१९७८ मध्ये ती शांझेलिझे थिएटरात परतली. पंधराव्या वर्षी जिथे तिचा आवाज तपासला गेला होता तिथेच, आता स्वतःच्या नावाचा कार्यक्रम घेऊन, आणि मागे वाद्यवृंद सगळा बायकांचा. त्याच वर्षी बेर्जे आणि ल्यूक प्लामोंदोंच्या ‘स्टारमानिया’ या संगीतिकेची तबकडी आली. १९७९ मध्ये रंगमंचावर तिने त्यातली क्रिस्टलची भूमिका केली. १९८० चे ‘इल जुए द्यू पियानो दबू’ हे उभ्याने पियानो वाजवणाऱ्या माणसाचे गाणे आहे: इतरांना क्षुल्लक वाटणाऱ्या त्या एका गोष्टीतच त्याचे स्वातंत्र्य. १९८१ चे ‘रेझिस्त’ तर सरळ आज्ञार्थी, अड, नकार दे, तू आहेस हे सिद्ध कर. मग पॅरिसच्या मोठ्या सभागृहांत मैफली, १९८२ मध्ये पाले दे स्पोर, १९८४ मध्ये झेनित. १९८७ ची ‘बाबाकार’ ही तबकडी सेनेगलशी जडलेल्या नात्यातून आली. त्यातलेच अमेरिकन जाझ गायिका एला फिट्झजेराल्डवरचे ‘एला, एल ला’ पुढच्या वर्षी जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच तबकडीवर गायक मित्र दानिएल बालाव्वानसाठी लिहिलेले एक गाणे आहे. तो जानेवारी १९८६ मध्ये पॅरिस-डाकार मोटार शर्यतीच्या वेळी मालीत हेलिकॉप्टर कोसळून गेला होता. ते गाणे ऐकताना पहिल्यांदा जाणवते की या आवाजाला अर्थाचे वजन पेलता येते, आणि तेही आधीपासूनच येत असणार.

आक्षेप उघड आहे. हाही पुरुषच, शब्द याचेही, चालही याची. मग बदलले काय? एका दोरीतून सुटून दुसऱ्या दोरीला बांधली गेली, असे म्हणणारे आहेत. मला तो हिशेब चुकीचा वाटतो. दुसऱ्याने लिहिलेले गाणे म्हणजे गुलामी, असे म्हटले तर निम्मे संगीत मोडीत काढावे लागेल. फरक शब्द कुणाचे यात नव्हता. गाण्याआधी ते तिच्यासमोर पूर्ण उघडे ठेवले जात होते का, आणि नको म्हणायची सोय होती का, यात होता. गेन्सबूर हा बेर्जेपेक्षा मोठा गीतकार होता, असे माझे मत आहे. त्याची ‘लेस तोंबे ले फीय’ आणि बाहुली ही दोन गाणी तिच्या सगळ्या रेकॉर्डांत सर्वांत टोकदार. बेर्जेचे शब्द कधीकधी उपदेशाकडे झुकतात, ‘रेझिस्त’ त्यातलेच. पण चांगले गाणे आणि सरळ व्यवहार हे दोन वेगळे हिशेब आहेत आणि गॅलला दोन्ही एकाच माणसाकडून मिळाले नाहीत.

१९९२ च्या जूनमध्ये दोघांच्या नावाची ‘दूब्ल झ’ ही तबकडी आली. २ ऑगस्टला दक्षिण फ्रान्समधल्या रामात्युएलमध्ये हृदयविकाराने बेर्जे गेला, ४४ व्या वर्षी. पुढच्या वर्षी गॅलला स्तनाचा कर्करोग निघाला. उपचार घेऊन सप्टेंबर १९९३ मध्ये ती पॅरिसमधल्या बेर्सीच्या रंगमंचावर एकटीने उभी राहिली. १९९६ मध्ये तिने बेर्जेची गाणी लॉस एंजलिसला जाऊन नव्या वाद्यमेळात पुन्हा बांधली. डिसेंबर १९९७ मध्ये मुलगी पोलीन सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराने गेली, १९ वर्षांची. त्यानंतर गॅलने गाणे जवळपास सोडूनच दिले. २०१५ मध्ये बेर्जेच्या गाण्यांवरची ‘रेझिस्त’ ही संगीतिका तिने उभी केली. ७ जानेवारी २०१८ ला पॅरिसजवळ न्युई इथल्या अमेरिकन रुग्णालयात तिचे निधन झाले. मोंमार्त्रच्या दफनभूमीत तिची समाधी आहे.

‘ले स्यूसेत’ अजूनही विकले जाते. साठच्या दशकातल्या तिच्या गाण्यांचा कुठलाही संग्रह उचला, त्यात ते असतेच, बहुधा पहिल्या काही गाण्यांत. ध्वनिमुद्रण कंपनीचे, शब्द गेन्सबूरच्या वारसांचे. बेर्जेच्या गाण्यांना ती १९९६ मध्ये नवा वाद्यमेळ देऊ शकली. या गाण्याबाबत तिच्या हाती एकच गोष्ट होती, ते स्वतः न गाणे, आणि ती तिने शेवटपर्यंत पाळली.